वाडीची वीज : संमिश्र सूक्ष्मवीजजालाची विश्वसनीयता आणि खर्च

(वरिष्ठ प्राथमिक इयत्तांना शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

प्रास्ताविक

वीज ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. देशातील प्रत्येक गावापर्यंत वीज पोहोचल्याची घोषणा २८ एप्रिल २०१८ रोजी झाली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतून घरोघरी जोडण्याही देण्यात आल्या. तथापि तार पोहोचणे आणि दिवा लागणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. डोंगराच्या कुशीतील एखाद्या वाडीकडे जाणारी वाहिनी कित्येक मैल रानातून गेलेली असते. पावसाळ्यात झाड कोसळून एक खांब आडवा झाला, की तो उभा होईपर्यंत त्या वाडीला कंदिलाचाच आधार उरतो. अशा ठिकाणी ऊन, वारा आणि ओढ्याचे पाणी यांपासून वाडीतच वीज निर्माण करावी, हा विचार जगभर बळावत आहे.

हा विचार स्तुत्य असला तरी केवळ स्तुतीने तो टिकत नाही. मोठ्या समारंभाने सुरू झालेली यंत्रे पाच-सहा वर्षांत मूक झाल्याची उदाहरणे आहेत. उलट लहानशा वस्तीने स्वतः चालवून वर्षानुवर्षे दिवे तेवत ठेवल्याचीही आहेत. हा भेद कशाने पडतो, हे मुलांना समजले पाहिजे. कारण आज वर्गात बसलेली मुलेच उद्या ग्रामसभेत बसणार आहेत.

हेतुकथन

पाठाच्या प्रारंभी शिक्षकांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत : वीज कोठून येईल? ती हवी तेव्हा मिळेल काय? तिची किंमत किती, आणि ती कोण देईल? सर्व विवेचन या तीन प्रश्नांभोवतीच ठेवावे.

पूर्वज्ञान

एक हजार वॅट म्हणजे एक किलोवॅट, आणि एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते, हे मुलांना ठाऊक असते. ते पक्के करून घ्यावे. दहा वॅटचा दिवा एका युनिटवर शंभर तास जळतो. दोन किलोवॅटची पाणी तापविण्याची कांडी तेच युनिट अर्ध्या तासात संपविते. हा फरक मुलांकडूनच काढून घ्यावा, कारण पुढील सर्व गणित त्यावर उभे आहे.

विषयप्रतिपादन

१. सूक्ष्मवीजजाल म्हणजे काय?

एखाद्या वस्तीपुरती वीज तेथेच निर्माण करून, तेथेच साठवून, तेथल्याच तारांतून घरोघरी पोहोचविणारी व्यवस्था म्हणजे सूक्ष्मवीजजाल होय. तिची मुख्य अंगे चार. पहिले अंग निर्मितीचे : ज्यांना गावात सोलरच्या प्लेटा म्हणतात ती सौर पॅनेले, पवनचक्की, किंवा ओढ्याच्या धारेवर फिरणारे जलचक्र. दुसरे साठवणीचे, म्हणजे बॅटऱ्यांचे. तिसरे अंग इन्व्हर्टरचे. बॅटरीतील एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचे रूपांतर तो घरगुती उपकरणांस लागणाऱ्या प्रवाहात करतो. चौथे अंग वितरणाचे, म्हणजे खांब, तारा आणि मीटर यांचे.

निर्मितीची साधने एकाहून अधिक असली की त्या जालास संमिश्र म्हणतात. ज्वारीच्या रानात तुरीचे पाटे टाकणारा शेतकरी जो हिशेब करतो, तोच येथे आहे : एक पीक बुडाले तर दुसरे हाती लागावे.

२. विश्वसनीयता कशी मोजावी?

वर्षात ८,७६० तास असतात. एखादा पुरवठा शेकडा ९९ विश्वसनीय आहे असे म्हटले, तर वर्षात सुमारे ८८ तास अंधार राहील. शेकडा ९५ म्हटले की ऐकावयास फार फरक वाटत नाही, परंतु अंधाराचे तास ४३८ होतात. हे तास मध्यरात्रीचे असतील तर कोणाचे अडत नाही. पण ते दिवेलागणीनंतरच्या चार-चार तासांत आले, तर वर्षातील सुमारे ११० संध्याकाळी मुलांचा अभ्यास बुडतो. म्हणून वीज किती तास मिळाली एवढेच न विचारता कोणते तास चुकले, हेही विचारले पाहिजे. आरोग्य उपकेंद्रात लस ठेवण्याचे शीतकपाट असेल, तर तेथील प्रश्न याहूनही नाजूक असतो.

आता संमिश्रतेचा लाभ पाहू. समजा, पुरेसे ऊन पाच दिवसांतून एक दिवस मिळत नाही, आणि पुरेसा वारा चार दिवसांतून एक दिवस मिळत नाही. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकाच दिवशी नसण्याची शक्यता १/५ × १/४, म्हणजे वीस दिवसांतून एक दिवस येते. पश्चिम महाराष्ट्रात तर निसर्ग याहूनही अनुकूल आहे. आषाढ-श्रावणात ढगांनी ऊन झाकले जाते, त्याच वेळी नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो आणि ओढे भरून वाहतात. जो ढग सूर्य झाकतो तोच जलचक्र फिरवितो.

मात्र शिक्षकांनी एक सावधगिरी अवश्य सांगावी. दाट धुके आणि निर्वात हवा असे दिवसही येतात. तेव्हा ऊन व वारा दोन्ही एकदम रुसतात. सरासरीच्या भरवशावर वीजजाल उभारणारा मनुष्य अशा दिवसांत फसतो.

३. एग बेटाचे उदाहरण

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून काही मैलांवर एग नावाचे लहानसे बेट आहे. वस्ती सुमारे शंभर माणसांची. १९९७ मध्ये तेथील रहिवाशांनी वर्गणी व देणग्या जमवून आपले बेट जमीनमालकाकडून विकत घेतले आणि त्याच्या कारभारासाठी न्यास स्थापन केला. त्या वेळी बेटावर सामाईक वीज नव्हती. बहुतेक घरे आपापले डिझेल जनित्र ठराविक तास चालवीत. आवाज, धूर आणि तेलाचा खर्च यांनी सारेच त्रस्त होते. समुद्राखालून तार आणणे फार खर्चाचे पडले असते. तेव्हा रहिवाशांनी स्वतःचे वीजजाल उभारण्याचे ठरविले, आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी बेटावर प्रथमच चोवीस तास वीज खेळू लागली.

या जालाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. मुख्य भार एका १०० किलोवॅटच्या व दोन लहान जलचक्रांवर आहे. जोडीला ६ किलोवॅटच्या चार पवनचक्क्या आहेत. सौर पॅनेले प्रारंभी सुमारे १० किलोवॅटची होती. ती वाढवीत पुढे सुमारे ५० किलोवॅटपर्यंत नेली. थंडीत पाऊस व वारा भरपूर, तर उन्हाळ्यात दिवस मोठा व ओढे क्षीण. म्हणून तिन्ही साधने एकमेकांची उणीव भरून काढतात. सुमारे ११ किलोमीटर तारा जमिनीखालून नेल्या आहेत. निम्म्याहून कितीतरी अधिक, वर्षाकाठी शेकडा ९० च्या आसपास वीज निसर्गातूनच मिळते. उरलेल्या वेळेसाठी दोन डिझेल जनित्रे राखून ठेवलेली आहेत.

परंतु या बेटाचे खरे वैशिष्ट्य यंत्रांत नसून नियमांत आहे. कोणत्याही घराने एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा अधिक आणि कोणत्याही व्यवसायाने १० किलोवॅटपेक्षा अधिक भार घ्यावयाचा नाही, असा सर्वसंमत नियम आहे. घर लहान असो वा मोठे, मर्यादा एकच. ती ओलांडली की त्या घराचा पुरवठा तुटतो आणि तो पुन्हा जोडून घ्यावा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावे ही आपली म्हण तेथे तारेतच बसविली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पाऊस-वारा अधिक होऊन वीज वर उरली, तर ती सार्वजनिक इमारती उबदार ठेवण्याकडे वळविली जाते. २०१० मध्ये पाऊस ओढला आणि ओढे आटले, तेव्हा रहिवाशांना वापर आवरता घेण्याची विनंती करण्यात आली. देखभालही प्रशिक्षण घेतलेले रहिवासीच करतात.

हे ऐकून महाराष्ट्रातील जाणत्या माणसास धुळे व नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धतीची आठवण व्हावी. पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणी तेथील शेतकरी शतकानुशतके सामाईकपणे वाटून घेत आले. पाणी किती आहे हे पाहून कोणत्या फडास ते द्यावयाचे हे ठरे, आणि वाटपाचे काम पाटकरी करी. पाणी असो वा वीज, तुटवडा सर्वांनी सारखा वाटून घेतला तरच सामाईक व्यवस्था टिकते. शिक्षकांनी ही तुलना वर्गात अवश्य करावी.

४. खर्चाचे गणित

एगच्या वीजजालास सुमारे १६ लक्ष पौंड खर्च आला. वस्ती शंभर धरली तर दरमाणशी १६,००० पौंड झाले. हे भांडवल मुख्यतः अनुदानांतून उभे राहिले, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. ऊन, वारा व पाणी फुकट असतात. त्यांना धरून आणणारी यंत्रे फुकट नसतात.

आता आपल्याकडील एका कल्पित वाडीचे गणित मांडू. किमतींचे आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत, हे मुलांना सांगावे.

वाडीत ४० घरे आहेत. दर घरास रोज अर्धे युनिट, म्हणजे २० युनिट. पिठाच्या गिरणीस ५, शाळेस ३ व रस्त्यावरील दिव्यांस २. एकूण ३० युनिट रोज. साठवण व रूपांतर यांत काही वीज वाया जाते, म्हणून ४० युनिट निर्माण करावी लागेल. आपल्याकडे एक किलोवॅटची सौर पॅनेले सरासरीने रोज सुमारे ४ युनिट देतात. म्हणून १० किलोवॅट पॅनेले हवीत.

वार्षिक खर्च पुढीलप्रमाणे :

पॅनेले व सांगाडा, ६ लक्ष रुपये, आयुष्य २५ वर्षे : वर्षास २४,००० रुपये.
बॅटऱ्या, ३ लक्ष रुपये, आयुष्य ६ वर्षे : वर्षास ५०,००० रुपये.
इन्व्हर्टर इत्यादी, २ लक्ष रुपये, आयुष्य १० वर्षे : वर्षास २०,००० रुपये.
खांब, तारा व मीटर, २ लक्ष रुपये, आयुष्य २० वर्षे : वर्षास १०,००० रुपये.
चालकाचे वेतन व किरकोळ दुरुस्ती, दरमहा ६,००० रुपये : वर्षास ७२,००० रुपये.

एकूण १,७६,००० रुपये. वर्षात विकलेली वीज ३० × ३६५, म्हणजे १०,९५० युनिट. भागाकार केला असता एक युनिट सुमारे १६ रुपयांस पडते.

या गणितातून तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट वापराची. गिरणी सुरू झाली नाही आणि लोकांनीही वीज बेताने वापरली, म्हणून रोज २० युनिटच खपली असे समजा. यंत्रांचा खर्च तितकाच राहतो, युनिटे मात्र ७,३०० होतात, आणि दर सुमारे २४ रुपयांवर जातो. पाच खोल्यांची शाळा बांधून दोनच खोल्यांत वर्ग भरविले, तर दर मुलामागे इमारतीचा खर्च वाढतो. त्यातलाच हा प्रकार. जागतिक बँकेच्या २०२२ मधील अहवालातही हेच दिसते. उत्तम रीतीने उभारलेल्या सौर संमिश्र वीजजालांतील युनिटचा खर्च २०१८ मध्ये ०.५५ डॉलर होता, तो ०.३८ डॉलरवर आला. आणि यंत्रसामग्रीचा वापर शेकडा २२ वरून ४० वर नेल्यास तो ०.२८ डॉलरपर्यंत उतरू शकतो, असे तेथे दाखविले आहे. दिवसा चालणारी गिरणी, पंप किंवा शिवणयंत्र यांमुळे सर्वांचाच दिवा स्वस्त होतो, तो असा.

दुसरी गोष्ट अखेरच्या अंधाराची. आपल्या वाडीस सूर्यास्तानंतर १८ युनिट लागतात असे धरू. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक रिकामी करू नये, नाहीतर तिचे आयुष्य घटते. म्हणून ३६ युनिटांच्या बॅटऱ्या लागतात. वर त्यांचीच किंमत ३ लक्ष धरली आहे. आता एका पूर्ण ऊनरहित दिवसाचीही तरतूद करावयाची ठरविली, तर आणखी ३० युनिटांसाठी ६० युनिटांच्या बॅटऱ्या, म्हणजे ५ लक्ष रुपये हवेत. वर्षास सुमारे ८३,३०० रुपये. असे दिवस वर्षात दहाच आले, तर त्या ३०० युनिटांची किंमत दर युनिटास सुमारे २७८ रुपये पडते! त्याऐवजी लहान डिझेल जनित्र ठेवले, आणि एक लिटर तेलास ३ युनिट व लिटरचा भाव ९० रुपये धरला, तर तेलाचा खर्च युनिटास ३० रुपये येतो. जनित्राची किंमत निराळी. म्हणूनच एगच्या रहिवाशांनी डिझेल जनित्रे मोडीत काढली नाहीत. डिझेल नको असेल, तर पावसाळी ओढ्यावर लहान जलचक्र बसविता येईल काय, हे पाहावे. पहिले शेकडा नव्वद काम सोपे, शेवटचे दहा महाग, हा या विषयाचा गाभा होय.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सर्व सामग्री देणगीतून मिळाली, तर वाडीस वाटते की आता केवळ चालकाचे वेतन भागले म्हणजे झाले. ७२,००० भागिले १०,९५० असा हिशेब करून साडेसहा रुपये दर ठरतो आणि सर्व संतुष्ट होतात. पाच वर्षे काहीच बिघडत नाही. सहाव्या वर्षी बॅटऱ्या एकदम थकतात, ३ लक्ष रुपये हवे असतात, आणि पेटीत काहीच नसते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रसंग होय. प्रारंभापासून दर घराने दरमहा सुमारे १०४ रुपये बॅटरीनिधीत टाकले असते, तर ४० घरांचे सहा वर्षांत ३ लक्ष रुपये जमले असते. थेंबे थेंबे तळे साचे, पण थेंब पहिल्या दिवसापासून पडला पाहिजे.

५. तुलना : धरनई आणि दरेवाडी

बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचे गाव आहे. सुमारे तीस वर्षे अंधारात काढल्यानंतर जुलै २०१४ मध्ये तेथे १०० किलोवॅटचे सौर वीजजाल सुरू झाले. ७० किलोवॅट घरे, दुकाने व दिवे यांसाठी आणि ३० किलोवॅट शेतीच्या पंपांसाठी. देशभर त्याचे कौतुक झाले. परंतु थोड्याच अवधीत सरकारी वाहिनीही गावात आली. तिची वीज स्वस्त होती आणि तीवर दूरचित्रवाणी, शीतकपाट अशी उपकरणे चालत. लोक एकामागून एक तिकडे वळले. ग्राहक घटले, वसुली घटली, काही वर्षांनी बॅटऱ्या निकामी झाल्या आणि केंद्र बंद पडले.

येथे ग्रामस्थांस दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नव्हे. गरिबाने स्वस्त वस्तू निवडावी यात वावगे काय? दोष असेल तर तो योजनेतील एका उणिवेचा : मोठी वाहिनी उद्या आली तर हे लहान जाल तिला जोडावयाचे कसे, याचा विचार आधी झाला पाहिजे होता. जोडलेले जाल वाहिनीचा प्रतिस्पर्धी न राहता तिचा सोबती होते. खांब पडला की तेच वाडीचे दिवे सांभाळते.

पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या सुमारे चाळीस घरांच्या वस्तीत २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटचे सौर वीजजाल उभे राहिले. आकाराने ते धरनईच्या दशांशाहूनही लहान. परंतु तेथे प्रारंभीच ग्रामस्थांचा न्यास स्थापन झाला, घरोघरी मीटर बसले, आणि वापराप्रमाणे पैसे घेण्याची रीत ठेवली गेली. भांडवल बाहेरून आले असले तरी कारभार वाडीच्या हाती दिला गेला. योजना लहान असो वा मोठी, आधी पाहावयाचे ते हेच.

निष्कर्ष

फळ्यावरील तीन प्रश्नांची उत्तरे आता मुलांकडून घ्यावीत. वीज एकाहून अधिक साधनांतून घ्यावी, म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढील. ती हवी तेव्हा मिळावी यासाठी साठवण, राखीव साधन आणि वापराची मर्यादा ही तिन्ही हवीत. केवळ बॅटऱ्या वाढविणे हा सर्वांत महाग उपाय होय. किंमत मोजताना चालू खर्चाबरोबर उद्या बदलावयाच्या सामग्रीचाही हिस्सा आजच धरावा, आणि तो कोण देणार हे यंत्र बसविण्यापूर्वी ठरवावे.

उपयोजन

अनेक वाड्यांत हिशेब नीट लिहिता येणारी, सर्वांच्या विश्वासातील व्यक्ती म्हणजे शाळेचे गुरुजी किंवा बाईच असतात. वाडीत असे वीजजाल असल्यास शाळेच्या भिंतीवर एक फलक लावावा. त्यावर बॅटऱ्या बसविल्याची तारीख, त्या बदलण्याचे अपेक्षित वर्ष, आणि निधीत आजवर जमा झालेली रक्कम, एवढ्या तीनच ओळी असाव्यात. महिनाअखेरीस आकडा बदलण्याचे काम सातवीच्या मुलांकडे पाळीने द्यावे. वाडीचा दिवा आणखी किती वर्षे जळणार, ते त्या फलकावरून कोणासही कळेल.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील विजेच्या उपकरणांची यादी करून रोजचा वापर युनिटांत काढा.
२. एका आठवड्यात सायंकाळी सहा ते दहा या वेळेत वीज किती मिनिटे गेली, याची नोंद ठेवा व विश्वसनीयता शेकडेवारीत काढा.
३. वरील कल्पित वाडीत घरांची संख्या ५० झाली, तर बॅटरीनिधीसाठी दर घराची मासिक वर्गणी किती होईल?
४. बॅटऱ्यांचे आयुष्य ६ ऐवजी १० वर्षे असेल, परंतु किंमत ४ लक्ष रुपये असेल, तर वार्षिक खर्च वाढेल की घटेल? किती?
५. एग बेटावरील भारमर्यादा व फड पद्धतीतील पाणीवाटप यांतील साम्य पाच ओळींत लिहा.
६. ‘आमच्या वाडीत मोठी वाहिनी व लहान वीजजाल दोन्ही असावीत’ या विषयावर वर्गात ग्रामसभा भरवा. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी आपापला हिशेब फळ्यावर मांडावा.